माळाच्या चढासाठी चेन

सोमवार, दिवाळीनंतरचा पहिला. ठिकाण: जालन्यात मस्तगडच्या गल्लीतलं फिटरमामांचं दुकान. हजर: मी, माझे धाकटे दीर आणि मामा. गैरहजर: लेथवाला, पण त्याचं काम शनिवारीच होऊन आलं होतं.

मी बदनापूरला राहते. आसपासच्या गावांत शेळ्या-मेंढ्यांना लस टोचणं, जंताचं औषध पाजणं हे माझं काम. जनावरांच्या दवाखान्यातून लस घ्यायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि मोटारसायकलवरून वस्तीवर पोचवायची. गाडी बॅटरीची आहे. तिच्यात मोटर आणि मागचं चाक यांना जोडणारा दात्यांचा रबरी पट्टा होता. डांबरी रस्त्यावर तो छान चालायचा, आवाज नाही की वंगण नाही. दिरांची वस्ती मात्र माळावर आहे आणि तिथे जायचा रस्ता म्हणजे मुरूम आणि खडी. दिवाळीच्या आधी चढावर पट्ट्यात खडा अडकला, सहा दाते उडाले आणि मोटर नुसतीच फिरायला लागली, चाक हलेना.

कंपनीच्या दुकानात नव्या पट्ट्यासाठी महिना सांगितला. इकडे दिरांचा कळप गुरुवारी चारणीसाठी मंठ्याच्या बाजूला निघणार होता. गेल्या वर्षी मेंढ्यांच्या प्लेगनं त्यांच्या एकोणीस मेंढ्या गेल्या. दवाखान्यात त्याला पीपीआर म्हणतात. तेव्हा लस पोचली होती, पण कळप निघून गेल्यावर. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, असं मी वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं होतं. दुसरी ओळ होती, पट्टा काढून चेन बसवणं.

मामांनी पस्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढली. आता ते मोटारसायकली दुरुस्त करतात. पट्ट्याचा तुकडा बोटांत धरून ते म्हणाले, "ताई, ह्या रस्त्याला हे रबर म्हणजे पायात कागदाची चप्पल. चेन टाकू. खडा आला तं चेन त्याचा चुरा करून पुढं जाती."

"जोर वाढवता येईल का? मागं माणूस आणि पुढं डबा घेऊन चढायचंय."

"येतो की. चेनीचं पुढचं दातेरी चाक लहान करायचं, मागचं मोठं. मोटर जास्ती फिरंन, चाक कमी. जोर येतो, पळणं जातं."

आधी मोटर चार वेळा फिरली की मागचं चाक एकदा फिरत होतं. आम्ही पुढे दहा दाते आणि मागे पंचेचाळीस घेतले, म्हणजे साडेचार वेळा. पळण्यातला नववा भाग जाणार होता. मी हिशेब करून पाहिला. माझ्या कामात पळायची गरज फारशी पडत नाही.

"वहिनी, आता गाडी मेंढराच्या चालीनं जाईल," दीर म्हणाले. "कळपात सोडून देऊ, चरून येईल संध्याकाळी."

"तुमच्या मेंढरांना टोचायलाच गाडी नेऊन राह्यल्या ना ताई?" मामा त्यांना म्हणाले. "मंग पाना धरा जरा, नुसते उभे नका राहू."

पुढचं दातेरी चाक लेथवाल्यानं मोटरच्या शाफ्टच्या मापानं करून दिलं होतं. मागचं बाजारातलं होतं, त्याला फक्त भोकं नवीन पाडली. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, हे मामांनी सुतळी ताणून तपासलं. दोन सूत, म्हणजे पाव इंच, फरक निघाला. मग एक वॉशर घातला आणि सुतळी पुन्हा लावली. शेवटी मामांनी चेन ताणली, अंगठ्यानं दाबली, मान हलवली. मी वहीत खूण केली. गाडी तेव्हा स्टँडवर उभी होती, रिकामी.

मंगळवारी सकाळी मामा रेल्वेनं बदनापूरला आले. बोलावलं नव्हतं. पान्याची पिशवी दाखवून म्हणाले, "पहिला चढ मी बघणार."

दवाखान्यातून लस घेतली, डब्यात बर्फ भरला आणि निघालो. मामांना दिरांच्या भाच्यानं स्कूटरवर आणलं आणि पायथ्याशी सोडून तो परत गेला. सपाट रस्त्यावर गाडी मस्त चालली. चढ सुरू झाला आणि दीर मागून म्हणाले, "वहिनी, ही कण्हून राह्यली."

खरंच कण्हत होती. दर फेऱ्याला खालून कर्र असा आवाज यायचा आणि हँडल थरथरायचं. मी थांबले. चेनला बोट लावलं तर ती तारेसारखी कडक. अशीच चालवली असती तर चेन तुटली असती, नाहीतर मोटरचं बेअरिंग गेलं असतं. मग कळप परवा तसाच लसीशिवाय निघाला असता.

गाडी ढकलत खाली आणली. मामांनी रिकाम्या गाडीची चेन दाबून पाहिली, ती बरोबर होती. मला बसायला सांगितलं, पुन्हा दाबली. मग दिरांना मागे बसवलं. आता दाबली तर चेन हलेना.

"जिनिंगचा हात आहे, ताई," ते म्हणाले. "तिथं पट्ट्याचे दोन्ही शाफ्ट फरशीत गाडलेले. ताणला की ताणला. त्यावर कोण बसतंय? हिच्यावर माणूस बसला की बूड दबतं, मागचं चाक लांब सरकतं. हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

"माझ्याही नाही आलं," मी म्हणाले. वहीतली खूण मी खोडली आणि शेजारी लिहिलं: माणसं बसवून पाहणं.

"म्हणजे आता माप घ्यायला आम्ही बसायचं?" दीर म्हणाले.

"बसा," मामा म्हणाले. "हलू नका. आणि श्वास रोजच्यासारखा घ्या, उगं हलके होऊ नका."

मी पुढे बसले, दीर मागे, त्यांच्या मांडीवर बर्फाचा डबा. मामा मुरमात आडवे झाले. दोन्ही बाजूंचे बोल्ट थोडे थोडे ढिले करत, चाक कणाकणानं पुढे घेत, दोन बोटं हलेल एवढी सैल चेन ठेवली. खाली उतरल्यावर ती जरा लोंबलेली दिसली. एरवी मी ती पुन्हा ताणून घेतली असती. तशीच राहू दिली.

या वेळी गाडी हळू चढली, पण थांबली नाही. वळणावर जिथे पूर्वी दीर उतरून ढकलायचे तिथे ते बसूनच राहिले आणि वरून कुणी पाहतंय का ते बघू लागले. मामा मागून चालत आले. मी मेंढ्यांच्या वाड्याशी पोचून लसीची पूड तिच्या पाण्यात कालवली. ती कालवली की लवकर संपवावी लागते, म्हणून लगेच सुरुवात केली. दीर मेंढ्या धरायचे, मी टोचायचे, मामा टोचलेल्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचे. दुपारपर्यंत एकशे बारा झाल्या. एक मेंढी मामांच्या धोतराला रंग लावून गेली. "बरं झालं, मलाबी टोचलं समजा," ते म्हणाले.

गुरुवारी कळप निघाला.

राहिलेलं काम: सतरा कोकरं. वय भरलं नव्हतं म्हणून त्यांना लस दिली नाही. महिन्याभरानं द्यायची आहे, तेव्हा ती मंठ्याकडे असतील. तिथवर एका चार्जिंगमध्ये गाडी जात नाही. वाटेत कुठे प्लग मिळेल, हे दिरांना फोन करून विचारायचं आहे. ते अजून विचारलेलं नाही.