धरणाभोवतीचा फेरा

भंडारदऱ्याच्या पाण्याभोवती डोंगरातनं, रानातनं एक कच्चा रस्ता गोल फिरतो, एका अंगानं रतनवाडीवरनं, दुसऱ्या अंगानं घाटघरावरनं. त्याच्या या बाजूला शेंडीत आमचं घर, आणि पार पलीकडं साम्रदला धाकटी बहीण दिलेली. एकोणीसशे सत्तरच्या पुढची गोष्ट. तिला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्याचा निरोप आला. बाळंतपणं मीच करायची, म्हणून भावाच्या सायकलवर बसून निघाले.

चढ आला की भाऊ म्हणायचा, “उतर गं आक्का, तुझ्यापरीस भाताचं पोतं हलकं.” मी उतरून मागनं सायकल ढकलायची. हसत होतो, पण थांबत नव्हतो.

साम्रदला दाराला कडी. शेजारीण म्हणाली, “पहिलं बाळंतपण माहेरी नको का? झोळीत घालून घाटघरावरनं नेली की तिला. तुमी रतनवाडीकडनं आलात व्हय?”

तसेच पुढं निघालो. घाटघरच्या चढाला हिरड्याच्या झाडाखाली झोळी टेकलेली दिसली. बहिणीचा नवरा नि झोळी वाहणारे गडी मान खाली घालून बसलेले. बहिणीचा हात अजून ऊन होता. बाळ पोटातच राहिलं.

आता तिला माहेरी नेऊन काय करायचं? अग्नी सासरीच द्यायचा असतो. त्यांनी झोळी उचलली, साम्रदकडं वळवली. भाऊ सायकल हातात धरून मागं चालत राहिला.