चौथऱ्यावरच्या आसरा

आधीच सांगून ठेवतो — देव, भूत, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. नुसतं मनातल्या मनात नाही, रस्त्यावर उभं राहून मानत नाही! भोंदूबाबांविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहिलीत, नाशिक रोड स्टेशनबाहेर वाटलीत, शिव्याही खाल्ल्यात. तेव्हा हे वाचून कुणी 'बघा, आला ना लायनीवर' म्हणणार असेल, तर त्याने इथेच थांबावं.

२००४ चा हिवाळा. आत्याचा मुलगा संदीप अमेरिकेहून आला होता. आईला दोन दिवस आराम म्हणून त्याने गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळ एक बंगला भाड्याने घेतला. मालक मुंबईचा, कलासंग्राहक. काच, काँक्रीट आणि बघावं तिकडे आर्ट — भिंतभर रंगांचे फराटे, ब्राँझची मुंडकी, बाथरूममध्येसुद्धा पेंटिंग.

"तोंड धुताना पण हा बाबा माझ्याकडंच बघतोय," आत्या म्हणाली. आम्ही हसलो.

मग ती हॉलमध्ये शिरली आणि जागीच थांबली. मधोमध संगमरवरी चौथरा, वरून दिवा, त्याखाली ओळीने सात काळे दगड. पितळी पाटीवर नाव — 'स्तब्धता'.

"या माझ्या आसरा हायेत," आत्या म्हणाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. विहिरीच्या काठावर शेंदूर लावून सात दगड मांडतात, ते त्यांचं ठाणं. आत्याचा अंबडला फुलांचा मळा होता, तो कारखान्यांसाठी गेला. विहीर बुजवायला डंपर आले त्या सकाळी ती आसरा घरी आणायला गेली होती. पण नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यांना जागेवरून हलवायचं नसतं. म्हणून ती दहीभात करायला परत घरी गेली... ताट घेऊन आली तोवर काठही नव्हता आणि दगडही नव्हते. तेव्हापासून तिने दहीभात तोंडात घातला नव्हता.

"तुझ्याच कशावरून?" मी विचारलं.

"शेवटचीच्या कपाळावर खोक बघ. विहीर खणताना सासऱ्याची कुदळ लागली व्हती."

खोक होती. पण खोक कुठल्याही दगडाला असू शकते, आणि मी तसं म्हणालोही. माझा संताप वेगळाच होता. शेंदूर खरवडायचा, पॉलिश मारायचं, एका बाईच्या विहिरीवरचे दगड दिव्याखाली मांडायचे आणि त्याला कला म्हणायचं? कुणाला विचारून?

"वा! कार्यकर्त्याला देवासाठी राग आला," संदीप म्हणाला.

"देवासाठी नाही. चोरीसाठी."

तरी आत्या 'घेऊन जाऊ' म्हणाली तेव्हा मीच नाही म्हणालो. आपणही न विचारताच उचलायचं का? शिवाय तिने गुपचूप पाणी घालू नये, कुंकू लावू नये, म्हणून हॉलला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली.

सकाळी दार उघडलं तर सातही दगड ओले. दमट नव्हे... पाणी चौथऱ्यावरून ओघळत होतं. शेजारचं ब्राँझ कोरडं. काच कोरडी. स्टुलावर चढून छत चाचपलं, तेही कोरडं. दगडांवर शेवाळाचे हिरवे तंतू होते आणि तो वास — मी त्याच विहिरीत पोहायला शिकलोय. तो वास मला कुणी सांगायला नको.

मी कुणालाच बोलावलं नाही. रुमालाने सगळं पुसून काढलं. संदीप आत्याला सोमेश्वरला फिरवून आणायला गेला तेव्हा पुन्हा कुलूप घातलं आणि दाराला पाठ टेकून बसून राहिलो. हॉलला दुसरं दार नाही, काचा पक्क्या बसवलेल्या. ते दोघं परत आल्यावर त्यांच्यासमोर उघडलं.

पुन्हा ओले.

आत्याने उंबऱ्यातच चपला काढल्या. मीच संदीपला म्हणालो, "मालकाला फोन लाव."

मालक हसला. आर्ट म्हणजे मांडणी, दगडांचं काय एवढं. तेवढ्याच आकाराचे दुसरे सात ठेवा, म्हणाला. धरणाच्या काठचे सात आणून ठेवले. अजूनही लोक त्यांच्यासमोर मान तिरकी करून उभे राहत असतील!

"आधी दहीभात करायचा का?" मी आत्याला विचारलं. मी... हे मी विचारलं.

"नाय," ती घाईने म्हणाली. "या खेपेला आधी उचल. भात घरी."

आता त्या आत्याच्या नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत झेंडूच्या कुंड्यांशेजारी आहेत. पोचलो त्याच संध्याकाळी आत्याने दहीभात केला, त्यांना दाखवला आणि आमच्यासमोर बसून खाल्ला. संघटनेतले मित्र म्हणतात, थंड दगडावर बाष्प जमलं असेल. दुसऱ्या कुणी हा किस्सा सांगितला असता तर मीही हेच छापलं असतं. पण मग शेवाळ? आणि फक्त त्या सातांवरच?

आत्याकडे गेलो की मी नकळत एकेका दगडाला हात लावून बघतो. कायम कोरडे. त्यानंतर एकदाही ओले झाले नाहीत.

"काय चाचपतो रे?" आत्या म्हणते. "घरी आल्यावर कोण हाका मारतं का?"

यावर माझ्याकडे पत्रक नाही.