दर तिसरी पात

अपेक्षा भगत एसटीत कंडक्टर आहे, दिग्रस–पुसद मार्गावर. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती फोनमध्ये डोकं घालून उभी होती, आणि मी तिला झापलं. गाडी अजून स्टँडवरच होती, ती सुटायला दहा मिनिटं होती, हे नंतर कळलं. पण एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पोरांना गप्प बसवण्यात गेली.

"एवढं काय बघतेस त्यात?"

"संशोधन पद्धती हाये मॅडम." तिनं फोन माझ्यापुढे धरला. "सत्तर पानाची पीडीएफ हाये. तीन डाव वाचली. मले काहीच नाही समजून राह्यलं."

पुसद येईपर्यंत मी ती पीडीएफ चाळली. समजण्यासारखं त्यात काही नव्हतंच. नमुना निवडीचे बारा प्रकार एकाखाली एक, आणि उदाहरण एकाचंही नाही. "सुट्टी असेल त्या दिवशी घरी ये," मी सांगितलं.

ती मंगळवारी आली. येताना वही, पेन आणि चौथीतली खुशी, तिची मुलगी. अपेक्षा मूळची नेरची. समाजशास्त्रात एम.ए.चं सगळं झालेलं, फक्त लघुप्रबंध राहिला. मग लग्न झालं, खुशी झाली, एसटीची नोकरी लागली. नवरा राजदीप इथे दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात फिटर आहे. भला माणूस, बायको अभ्यासाला बसली की भाकरी थापतो, नकाशासारख्या का होईना. आता विद्यापीठाचं पत्र आलं होतं. जानेवारीअखेर लघुप्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि आधीचे सगळे मार्कही बाद.

"यंदा नाही झालं तं मी काय पुन्हा पयलीपासून बसू, खुशीसंग?" ती म्हणाली. हसत म्हणाली, पण वहीचा कोपरा मुडपत होती.

विषय तिनं चांगला घेतला होता. कापूस वेचणाऱ्या बायका आणि मोबाइल : घरात फोन आहे का, तो कोणाच्या हातात असतो, त्यावर काय चालतं. प्रश्न बारा. पोरगी ड्यूटीवरून दमून येणार, गावोगाव कधी फिरणार? म्हणून ऑनलाइन फॉर्म करायचा ठरला. लिंक व्हॉट्सअॅपवर टाकायची, उत्तरं आपोआप येऊन पडतात. फॉर्म खुशीनं बनवला, मजकूर मी सांगितला. आणि इथेच घाण झाली, तीही माझ्या हातून. मला जन्मभर सरकारी मराठी लिहायची सवय. मी वर लिहायला लावलं, "सदर माहिती अचूक भरावी." खाली, "अर्जदाराचे संपूर्ण नाव." अपेक्षाला ते फार भारदस्त वाटलं.

लिंक तिनं तिच्या मार्गावरच्या एका गावात पाठवली. गावाचं नाव लिहीत नाही, अक्षयला तिथे अजून दुकान चालवायचं आहे. हा अक्षय त्या गावचा ऑनलाइन केंद्रवाला. दोन दिवसांत शहाण्णव उत्तरं आली. अपेक्षा पेढे घेऊन आली. डिसेंबर अर्धा सरला होता, आणि आम्हाला वाटलं, गड जिंकला.

मी पेढा तोंडात टाकला आणि उत्तरं उघडली. घरात मोबाइल आहे का? नाही. नाही. नाही. शहाण्णवपैकी एक्याण्णव नाही.

"अगं बाई," मी म्हटलं, "मोबाइल नाही तर हा फॉर्म काय पाटीवर भरला?"

अपेक्षानं वेळेचा रकाना पाहिला. गुरुवारी सकाळी साडेअकरापासून दर अडीच-तीन मिनिटांनी एक फॉर्म, मध्ये पाऊण तास खंड. "हे तं जेवाची सुट्टी हाये," ती हळूच म्हणाली. मग शेवटचा प्रश्न, आणखी काही सांगायचे आहे का? तिथे एकीनं लिहिलं होतं, घरकुल मिळाले नाही. दुसरी, यादीत नाव यावे ही नम्र विनंती. आणि मथुराबाईंच्या नावापुढे, विधवा.

"अवो मॅडम!" अपेक्षा किंचाळलीच. "इचा नवरा उकंडा रोज माया गाडीत बसते! खिडकी पाह्यजे म्हून भांडते!"

दुसऱ्या दिवशी तिनं गाडीतच त्याला सांगितलं, "उकंडाभाऊ, तुमी वारले."

"कधी?" उकंडा म्हणाला. "कोनं सांगतलं?"

"तुमच्या घरच्याईनं. लेखी."

गाडी हसून लोळली. उकंडानं मात्र त्या दिवशी पुसदपर्यंत खिडकीही मागितली नाही.

प्रकार असा होता. आमच्याकडे मागच्या वर्षभरात इतके फॉर्म निघाले की फॉर्म म्हणजे योजना हे समीकरणच झालंय. लिंक आली की बायकांनी ती वाचायची नसते, अक्षयकडे पाठवायची असते. त्याच्याकडे सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स आहेतच. आणि अक्षय मन लावून काम करणारा. "अर्जदार" वाचल्यावर त्यानं प्रत्येक बाईचा फॉर्म असा भरला की तिचा नंबर लागलाच पाहिजे. घर कच्चं, फोन नाही, नवरा शक्यतो नाही. त्याला दोष कसा देऊ? अर्जदार मीच लिहिलं होतं.

अपेक्षानं मार्गदर्शक सरांना फोन केला. सर म्हणाले, "शहाण्णव चांगला आकडा आहे. तक्ते काढ, पाठवून दे. कोण तपासतं? तारीख बघ."

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते पटलं. पोरीचं आयुष्याचं काम अडलेलं, दीड महिना हातात. मी म्हटलं, "बघ बाई, तुझं तू ठरव."

ती म्हणाली, "मॅडम, बिनतिकिटाचा मानूस मले दिसला आन् मी तोंड फिरवलं, तं तो गुन्हा त्याचा नाही राह्यत, माया होते."

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी त्या गावी गेलो. बायका मारोतरावांच्या शेतात कापूस वेचत होत्या. मथुराबाई सगळ्यांत पुढे.

"काय वो मथुराबाई, जित्त्या नवऱ्याले मारता?"

"अक्षय म्हने, विधवा लिवलं का नंबर लवकर लागते. मी म्हनलं, लिव बाप्पा, त्याचा तसाबी काय उपेग हाये?" मग कमरेवर हात ठेवून, "तुया फॉर्मात आमाले भेटन काय, थे सांग."

"काही नाही भेटन. मले डिग्री भेटन."

"मंग हे पयलेच सांगा लागत होतं ना! फुकटचं बोलाले टाइम कोनाले हाये? पात मागं राह्यते."

पात म्हणजे कपाशीची ओळ. प्रत्येक बाई एक पात धरते आणि टोकापर्यंत वेचत जाते; बोलत थांबली की मागे पडते. बॅग बांधावर टाकून अपेक्षा एका बाईच्या पातीत शिरली आणि वेचायला लागली. "तुमी बोला, मी वेचतो. माया कापूस तुमच्याच ओटीत." पात संपली तेव्हा बाराही प्रश्न संपले होते, आणि फोन नवऱ्याच्या खिशात असतो, सासूला व्हिडिओ लागतात, आपल्याला फक्त चार्जिंग लावता येतं, हे सगळं न विचारताच आलं होतं.

"मॅडम!" ती बांधावरून ओरडली. "थे पीडीएफमधलं आठवं पान, नमुना निवडाचं! दर तिसरी पात घेतो. पयली चिठ्ठी काढून ठरवतो!"

सत्तर पानांनी न शिकवलेलं तिला कपाशीनं अर्ध्या तासात शिकवलं.

पण मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे ओटीत फुकटचा कापूस पडतो हे कळताच शेतात वेगळाच गोंधळ. जी ती तिसरी व्हायला बघे. चिठ्ठीत तीन आकडा आला आणि मथुराबाईची पात निघाली चौथी. "मले कायले सोडलं? मी काय मानूस नाही काय?" दुपारी तिनं गुपचूप पात बदलली. अपेक्षानं तिला हाताला धरून परत तिच्याच पातीत आणून उभं केलं, जसं गाडीत दुसऱ्याच्या आरक्षित सीटवर बसलेल्याला उठवते तसं. मथुराबाई दोन मंगळवार फुगून राहिली. तिसऱ्या मंगळवारी चिठ्ठीनं तिचा नंबर लागला, तेव्हा तिनं एका पातीला पुरेल त्याच्या दुप्पट सांगितलं.

सहा सुट्ट्या, बेचाळीस पाती. हातांना बोंडांचे ओरखडे, तिकिटाच्या मशीनची बटणं दाबताना चरचरायचे. मदतीच्या बदल्यात घेतलेल्या उत्तरांना पुस्तकात नावं ठेवतात हे मला ठाऊक आहे, तिलाही. तिनं ते तिसऱ्या प्रकरणात स्वतःच लिहून टाकलं. अठ्ठावीस जानेवारीला लघुप्रबंध जमा झाला.

तोंडी परीक्षा ऑनलाइन, माझ्याच जेवणाच्या टेबलावरून. बाहेरचे परीक्षक म्हणाले, "ते शहाण्णव फॉर्म खोटे होते, तर परिशिष्टात का जोडलेत?"

अपेक्षा ताठ बसली. "सर, फॉर्ममध्ये एक्याण्णव घरांत फोन नव्हता. शेतात विचारलं तर बेचाळीसपैकी अडतीस घरांत होता, पण बाईच्या हातात फक्त नऊ ठिकाणी. खोटे फॉर्म फेकले असते, तर लोक कोणाला काय सांगतात हे कुठून कळलं असतं?"

परीक्षकांनी परिशिष्टाची पानं मागेपुढे केली. मग म्हणाले, "मार्गदर्शकांनी छान शिकवलंय." सरांनी मान डोलावली. मी कॅमेऱ्याच्या बाहेर होते म्हणून सर वाचले.

निकाल लागला त्या दिवशी मी मुद्दाम तिच्या गाडीनं निघाले. छापील प्रत तिच्या बॅगेत होती. उकंडा चढला, खिडकीशी बसला आणि पहिलं तेच विचारलं, "तुया पुस्तकात मी जित्ता हाव ना?"

"नाव कोनाचंच नाही लिवत, भाऊ. नियम हाये." तिनं पान काढलं आणि वाचलं, "उत्तरदात्री क्रमांक सतरा. पती हयात."

"पुन्हा वाच," उकंडा म्हणाला. "जरा मोठ्यानं. मांगच्याईले आयकू जाऊ दे."