साखर मोजणारी पोरगी

न्हावऱ्याहून शिरूरला जाणाऱ्या एसटीत ती कॉलेजची पोरगी रोज माझ्यापुढं बसते. तिच्या दंडावर चिकटवलेलं बटण रक्तातली साखर मोजून मोबाइलला कळवतं. साखर उतरली की मोबाइल कोकलतो आणि ती गप्पा न थांबवता गुळाचा खडा तोंडात टाकते. माझी नुसती दाढ दुखली तरी मी गाव डोक्यावर घेतो.

काल मोबाइल कोकलला आणि गुळाची डबी रिकामी! पोरीला दरदरून घाम फुटला. मी उगाच खिसे चाचपत बसलो. शेजारच्या आबांनी मात्र पिशवीतलं उसाचं कांडं सोलून तिच्या हातात दिलं.

शिरूर यायच्या आत मोबाइलवरचा आकडा वर चढला. आबा डोकावले.

"एवढी साखर? माज्या उसाची?"

"व्हय आबा."

"आन् कारखाना म्हनतो, उसाला साखरेचा उतारा न्हाई! मग ऊसतोड लावू का?"

पोरीनं डॉक्टरसारखं तोंड केलं. "एका कांड्यावर कसं सांगू? उद्या आजून आना."

आज आबा अख्खी मोळी घेऊन चढले. कंडक्टरनं लगेजचं तिकीट मागितलं.

"लगेज कसलं?" आबा खेकसले. "सँपल हाय ते!"