चिंचोक्याचा चटका

परवा आमच्या बाल्कनीत चिंच उगवली. दिल्लीतलं मयूर विहार, चौथा मजला, कढीपत्त्याच्या शेजारची कुंडी... माती बाजूला सारून एक जाडसर, मान वाकवलेला कोंब वर आला होता. फोटो टाकला तर बऱ्याच जणांनी विचारलं, कशी लावलीस? म्हणून हे लिहितेय.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण. आईबाबा दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मला खरं तर आत्यानेच वाढवलं.

या हिवाळ्यात आत्या घरातच पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण ती बोलेनाशी झाली. 'हो' आणि 'नको', एवढंच. फिजिओथेरपीवाले भैया रोज विनवायचे, "माताजी, बस बाल्कनी तक." आत्या भिंतीकडे बघत म्हणायची, "नको."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता चालल्या नाहीत तर पुढे चालणं कठीण. मी मुळातच काळजी करणारी... गुरुग्रामच्या ऑफिसातून, रजा काढून घरी थांबलेल्या आईला सारखे मेसेज करायचे, उठली का? आईचं उत्तर ठरलेलं. नाही.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर साताऱ्याहून काकांकडची नवी चिंच येते. (दिल्लीवाले आमचूर घालतात, खुशाल घालू देत, हे आत्याचं मत.) ती फोडायची, चिंचोके काढायचे, मीठ लावून बरणीत भरायची, हे सगळं आत्याचं खातं. यंदा ते मी केलं. तिच्यासमोर बसून, मुद्दाम चुकतमाकत केलं, पण ती काही बोलली नाही. मीठ कमी पडलं तरी नाही.

खाली वाटीभर चिंचोके उरले. ते काही टाकवेनात... कारण माझी पहिली शाळा त्यांच्यावरच झाली.

नर्सरीत मी अक्षर चुकेल म्हणून इतकी घाबरायचे की खोडून खोडून वहीचा कागद फाटायचा. मग दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर रडारड. शेवटी आत्याने सांगून टाकलं, "राहू दे हिला वर्षभर घरी. मी बघते." ती फरशीवर खडूने मोठं अक्षर काढायची आणि मी त्यावरून चिंचोके मांडत जायचे. चुकलं तर खोडायचं नाही, नुसता चिंचोका सरकवायचा. केवढी सुटका वाटायची त्यात.

आणि पाढ्यांचा खेळ. चिंचोका फरशीवर खसाखसा घासला की चांगला तापतो... जो चुकेल त्याच्या दंडाला तो टेकवायचा. आत्या खूप चुकायची. मी तिला मनसोक्त चटके द्यायचे.

तर, चिंचोके मी कुंडीत पेरले. पंधरवडा गेला, काहीच नाही. मग कुठेतरी वाचलं की साल टणक असते, थोडी घासून पेरावी. एका रविवारी दुपारी पॉलिश पेपर घेऊन बाल्कनीत बसले. आतल्या जिवाला लागेल की काय या भीतीने दोनदा घासायचं, थांबायचं, उजेडात धरून बघायचं... असं चाललं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. टक... टक... वॉकरचा.

मी वळले नाही. काही बोलले तर ती परत फिरेल असं वाटलं. टकटक दारापर्यंत आली, बाल्कनीतली खुर्ची करकरली.

"काय गोंजारत बसलीयेस त्याला? दे इकडे."

आत्याने चिंचोका घेतला आणि कठड्याच्या खरखरीत सिमेंटवर जोर लावून घासायला लागली. मी बघतच राहिले. पुढच्या क्षणी दंडाला सणसणीत चटका.

"तेराचा पाढा म्हण."

अठ्ठावीस वर्षांची मी. म्हणायला लागले. 'तेरा सत्ते'पाशी गाडी अडली आणि तोंडातून निघालं, "इक्यानवे."

"अच्छा, दिल्लीचा पाढा म्हणतेयस होय," आत्या म्हणाली, आणि दुसरा चटका. आई कणकेच्या हातांनी दारात आली, आमच्याकडे बघितलं, आणि आत गेली. आत बराच वेळ नळ वाहत होता.

तो घासलेला चिंचोका आत्याने स्वतः बोटाने मातीत खोचला. परवा उगवला तो तोच.

आता मला नवी काळजी. चिंचेचं झाड केवढं मोठं होतं, चौथ्या मजल्यावर त्याचं काय करायचं, मुळं कुठे जाणार... आत्याला विचारलं तर म्हणाली, "आधी दोन पानं तर फुटू देत. तुला लगेच जंगल दिसतं."

त्या रविवारपासून रोज संध्याकाळी ती वॉकर घेऊन कुंडी बघायला येते. मग पाढे होतात. त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली... लहानपणी ती चुकायची ते नेहमी दोनच्या, पाचच्या, दहाच्या पाढ्यात. जिथे कुणीच चुकत नाही तिथे.

काल मी दहाचा पाढा घेतला. दहा सत्ते साठ, म्हणाले.

आत्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मुद्दाम चुकलीस?"

मला खोटं बोलता येत नाही. "हो."

"मग दोन चटके," ती म्हणाली, आणि चिंचोका घासायला घेतला. मी दोन्ही हात पुढे केले.