कुणाचे गुडघे दुखतात का?

आमच्या हॉटेलात पहिल्यांदा येणारा माणूस दारातच जरा बावरतो, कारण पीरसाबभाई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. नमस्कार करून, हसून, पण बघतात ते थेट ओठांकडे. अठ्ठावन्न वर्षांचा उंच माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि आवाज असा की त्यांनी दारात ‘या’ म्हटलं तर समोरच्या पेट्रोल पंपावरचा माणूस वळून बघावा. मी गिऱ्हाइकांना सांगायची, घाबरू नका, हे आमचे मॅनेजर. उमेदीची वर्षं यंत्रमागावर गेलीत, तिथं असंच बोलतात.

हे सांगताना मला भारी अभिमान वाटायचा. चाळीस माग एकदम खडखडायला लागले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून कामगार ओठांवर आणि हातांवर बोलतात. भाईंनी बावीस वर्षं तेच केलेलं. त्यामुळे हॉलच्या त्या टोकाला नऊ नंबरच्या टेबलावर एखादी बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, भाकरी गार आहे, की इकडे दारातून भाई वेटर गुरुलिंगला बोट दाखवायचे आणि गरम भाकरी टेबलावर हजर. गिऱ्हाईक चाट पडायचं. मी ही गोष्ट शंभर जणांना तरी रंगवून सांगितली असेल. पण ज्याला नीट ऐकू येतं तो माणूस सगळ्यांची तोंडं वाचत कशाला बसेल, हा साधा प्रश्न मला नऊ वर्षांत पडला नाही. माझी अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती, कुणास ठाऊक.

मी शिवलीला. सासूबाई अक्कम्मा घरात खाणावळ चालवायच्या. ती मी सोलापुरात होटगी रस्त्यावर आणली, वर एक माडी चढवली आणि पाटीवर त्यांचंच नाव घातलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं आणि रविवारी गव्हाची गोड खीर, हुग्गी. रविवारी दुपारी आमच्याकडे उभं राहायला जागा नसते, त्यामुळे लोक आधी फोन करून टेबल सांगून ठेवतात. हे फोनचं खातं पीरसाबभाईंनी आल्या दिवसापासून स्वतःकडे घेतलेलं. पाटीवर जो बुकिंगचा नंबर आहे, तो मोबाइल त्यांच्याकडे. हॉटेलात गलका असतो, मी बाहेर जाऊन बोलतो, असं त्यांनी सांगितलं होतं आणि मला ते पटलं होतं.

रोज सकाळी साडेदहाला ते सगळ्यांना हात धुवायच्या बेसिनपाशी गोळा करतात आणि लांबट वहीतून दिवसाची यादी मोठ्यानं वाचतात. नाव, माणसं, वेळ आणि खाली बारीकसारीक सूचना. आजोबांचे गुडघे दुखतात, माडीवर बसवू नका. लहान मूल आहे, भटारखान्याच्या दाराजवळचं टेबल नको. पुण्याची मंडळी आहेत, तिखट बेतानं. एखादा ओळीतलं अर्धंच ऐकून हलला तर भाई त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून वाचतात. एकदा एक बाई मला म्हणाल्या, फोनवरच्या त्या ताई किती आपुलकीनं चौकशी करतात हो. मला वाटलं, कधीतरी माझ्या फोनवर टेबल सांगितलं असेल, माझ्याबद्दलच बोलतायत. मी मान डोलावून घेतली.

माझा मुलगा नंदीश पुण्याहून हॉटेलचं शिक्षण घेऊन आला आणि त्यानं ऑनलाइन बुकिंगचा धोशा लावला. वहीचे दिवस गेले, आई. त्याचं चूक नव्हतं. रविवारी बुकिंगचा फोन सारखा एंगेज लागतो, अशी लोकांची तक्रार होतीच. मी म्हटलं, बोलाव कंपन्यांना, बघू या.

पहिली कंपनी बडी. त्यांच्या माणसानं आमचं हॉटेल पडद्यावर रंगीत चौकोनांत मांडून दाखवलं. हिरवं टेबल रिकामं, लाल भरलेलं, पिवळं म्हणजे उठायची वेळ झालेलं. उठायची वेळ कोण ठरवणार, मी विचारलं. म्हणाला, दीड तास झाला की सिस्टीमच सांगते. आमचे रोजचे गिऱ्हाईक शरणप्पा मास्तर ताकाचा शेवटचा पेला मागवतात तोच दीड तासानंतर. त्यांना पिवळं कोण करणार? दुसऱ्या कंपनीला गिऱ्हाइकाची जन्मतारीख हवी होती, लग्नाची तारीख हवी होती. ते पंगतीला बोलावतायत की पत्रिका जुळवतायत, हेच मला कळेना. नंदीश माझ्यावर वैतागला.

तिसरी आली ती श्रीदेवी नावाची अक्कलकोटची मुलगी. इथं सोलापुरातच एका मैत्रिणीबरोबर तिनं हे काम सुरू केलेलं. तिनं चहा घेतला, पण लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणाली, “आता बुकिंग कसं होतं ते आधी बघू द्या की, ताई. तुम्ही स्वतः कधी फोन करून टेबल सांगितलंय?”

नव्हतं सांगितलं. स्वतःच्याच हॉटेलात कोण टेबल सांगतं? माझ्या फोनवरून केला तर नाव दिसेल म्हणून मी तिचा फोन घेतला आणि पाटीवरचा नंबर लावला. भाई माझ्यासमोर वीस पावलांवर दारात उभे होते. रिंग गेली. त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. आणि फोन उचलला गेला.

“नमस्कार, अक्कम्मा हॉटेल. बोला की.”

बाईचा आवाज होता. मागं शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. मला सुचेना, सुचलं ते सासूबाईंचं नाव सांगितलं. मग तिनं एकेक विचारायला घेतलं. किती माणसं? कुणाचे गुडघे दुखतात का, जिना चढवेल का? लहान लेकरू आहे का? तिखट चालतं का सगळ्यांना? मी उत्तरं देत होते आणि भाईंकडे बघत होते. ते एका म्हातारबाबांना हाताला धरून आत नेत होते. शेवटी ती बाई म्हणाली, “दवाखान्यातनं येनार हाय का कुनी? तसं असंल तर सांगा. मऊ भात करून ठेवायला सांगते. आनि किती बी वेळ बसा, कोन उठवनार न्हाय.”

सोलापुरात चारी बाजूंच्या गावांतून माणसं दवाखान्यासाठी येतात, आणि तसं कुणी आमच्याकडे आलं की न मागता मऊ भात यायचा. मला वाटायचं, भाई चेहऱ्यावरून ओळखतात. मी फोन ठेवला. मिनिटाभरात भाईंच्या खिशातला त्यांचा स्वतःचा फोन थरथरला. त्यांनी मेसेज वाचला, वहीत उतरवला आणि हसत माझ्याकडे आले. “ताई, आज तुमच्या सासूबाईंच्या नावाचं बुकिंग आलंय बघा. चार मानसं.” मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भाई कामावर असताना मी नई जिंदगी भागात त्यांच्या घरी गेले. दारातच शाळेच्या गणवेशांचा ढीग, मशीनवर एक सडपातळ बाई आणि मशीनच्या फळीवर तो मोबाइल, शेजारी पेन्सिल बांधलेली वही. त्या अजीजाभाभी. भाईंची बायको. मला बघून त्या उठल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

सगळं ऐकायला पाणी पिण्याइतकाच वेळ लागला. मागावर भाईंचे कान गेले. कारखाना बंद झाल्यावर ते एका कापडाच्या दुकानात लागले. कानाला ऐकण्याचं मशीन लावून बघितलं होतं, पण गर्दीत त्यानं नुसता कल्लोळ व्हायचा. मागून आलेल्या गिऱ्हाइकाची हाक ऐकू आली नाही आणि मालकानं तीन आठवड्यांत घरी बसवलं. त्यानंतर दोघांनी ठरवलं की पुढच्या ठिकाणी हे सांगायचंच नाही. समोरचं तोंड ते वाचतील, फोनचं भाभी बघतील. नऊ वर्षं या बाईनं गणवेश शिवता शिवता माझ्या हॉटेलचे फोन घेतले. आजारी असताना घेतले, लेकीच्या लग्नाच्या मांडवात घेतले. आणि त्या पाच प्रश्नांतला एकही तिला कुणी शिकवलेला नव्हता.

“तुमाला कळलं ते त्यास्नी सांगू नका,” त्या म्हणाल्या. “कळलं की नोकरी गेली, असंच त्यांच्या डोक्यात हाय. आनि आता ते बुकिंगचं नवं मशीन येनार म्हनल्यापास्नं नीट जेवत बी न्हाईत. माझं काम गेलं तर जाऊ द्या, ताई. पन त्यास्नी दारातनं हलवू नका. ऐकू येत न्हाय, पर वाचायला लई पक्के हायत.”

मी त्यांचे हात हातात घेतले. बोटांच्या टोकांना सुयांनी घट्टे पडलेले. लोक माझ्या चटणीचं कौतुक करत आले, मी ते घेत आले आणि ज्यांच्यामुळे ते परत परत यायचे ती बाई इथं बसली होती. मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा जास्त काहीतरी वाटलं. आपलं नशीब किती चांगलं आणि ते आपल्याला माहीतच नव्हतं, असं. ते मी त्यांना जमेल तसं बोलून दाखवलं, भाईंना दारातून कुणी हलवणार नाही असा शब्द दिला आणि गप्प राहायचं वचनही दिलं. त्या म्हणाल्या, चहा घ्या.

घरी येऊन नंदीशला सांगितलं, श्रीदेवीची सिस्टीम घ्यायची. तो म्हणाला, आई, त्या बड्या कंपनीचं नाव आहे. मी म्हटलं, त्यांच्या नावाचं काय करू? त्यांना गुडघ्यांचं विचारता येत नाही. श्रीदेवीनं भाभींचे पाचही प्रश्न मराठीत जसेच्या तसे फॉर्मात घातले आणि खाली एक मोकळी चौकट ठेवली: आम्हाला आणखी काही सांगायचं आहे? ज्यांना फोनच करायचा आहे त्यांच्यासाठी नंबर चालूच राहणार होता. ती बुकिंग घरबसल्या कुणीतरी सिस्टीममध्ये भरायची होती.

मग माझं नाटक. मी भाईंच्या समोर उभी राहून म्हटलं, फोन घ्यायला पगारावर एक बाई हवी आहे, भाभींना विचाराल का? भाईंनी माझ्या ओठांकडे बराच वेळ बघितलं. मग गंभीरपणे म्हणाले, “विचारतो. जमतंय का बघू.” मला हसू आवरेना, म्हणून मी वळून भाकऱ्या मोजायला लागले.

दारापाशी स्टँडवर टॅबलेट बसला. भाईंनी दोन दिवसांत तो शिकून घेतला, तरी तोंड उतरलेलंच. सिस्टीम सुरू झाली तो सोमवार. साडेदहाला सगळे बेसिनपाशी जमले, कोण पुढं, कोण बाजूला, कोण मागं. मी गल्ल्यावर, म्हणजे भाईंच्या पाठीमागं. भाईंनी टॅबलेट हातात धरला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात वाचायला लागले. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. चौथ्याला ते अडखळले.

“अजीजा. दोन मानसं. दुपारी दीड.”

पण यादी अर्धवट सोडायची नाही ही त्यांची शिस्त, म्हणून पुढं वाचत गेले. गुडघे दुखत नाहीत. लहान मूल नाही. तिखट चालतं, वाढवलं तरी चालेल. दवाखाना नाही. मग शेवटची चौकट आली.

“सोबतच्या मानसाला,” ते वाचायला लागले, आणि पेट्रोल पंपापर्यंत जाणारा तो आवाज एकेका शब्दाला खाली येत गेला. “सोबतच्या मानसाला ऐकू येत न्हाय. समोर येऊन, तोंड दिसेल असं बोला. मागनं हाक मारू नका.”

भाभींनी माझ्याकडून वचन घेतलं होतं न सांगण्याचं, आणि सांगायचं काम स्वतः केलं होतं. त्यांच्याच नवऱ्याच्या तोंडून.

भाई टॅबलेटवरून नजर वर उचलेनात. मग गुरुलिंग, आमचा सगळ्यांत जुना वेटर, जो भाईंच्या डाव्या खांद्यामागं उभा होता, तो चालत पुढं आला, त्यांच्या तोंडासमोर उभा राहिला, मान वर होईपर्यंत थांबला आणि सावकाश म्हणाला, “दीडचं टेबल कुठलं लावू, भाई?” त्याच्या मागोमाग एकेक जण सरकला. भटारखान्यातल्या भाकरीवाल्या बायकाही पदराला हात पुसत आल्या. बघता बघता भाईंच्या मागं कुणी उरलं नाही. मी एकटी उरले होते. गल्ला सोडून मीही पुढं गेले.

नऊ वर्षं मी त्यांना पाठीमागून हाका मारत होते आणि ओ आली नाही की मनातल्या मनात म्हणायची, माणूस जरा ताठ्यात आहे.

“भाई,” मी म्हटलं, “दीड ते तीन दारात मी उभी राहते. तुम्ही आत बसा. भाभींना खिडकीजवळचं टेबल द्यायचं.”

त्यांनी माझं बोलणं वाचलं. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, टॅबलेट माझ्या हातात दिला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

“उभ्या राहा,” ते म्हणाले, आणि आवाज पुन्हा रस्त्यापलीकडं गेला. “पन पावनेदोनला हे नातेपुत्याचे लोक येनार हायत. आजीचे गुडघे दुखतात. माडीवर पाठवू नका त्यास्नी.”