काकांचा तरंगता त्रिकोण

"वजन म्हणजे काय हो? नुसती सवय!" असं म्हणत काका समोर येईल ती वस्तू आधी उचलून बघत. माझी पर्स, दुधाची पिशवी, एकदा तर गल्लीतलं मांजर. उचलायचं, डोळे मिटायचे, मान हलवायची आणि मगच बोलायला लागायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याचं बोलणं ऐकताना आपण सारखे घड्याळाकडे बघतो, पण उठून मात्र जात नाही.

गंगाकाठी, भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत आणि मी पहिल्या. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पातळ टीव्ही आले आणि दुकान बसलं. जुन्या टीव्हींचे हाय व्होल्टेजचे ट्रान्सफॉर्मर तेवढे त्यांनी घरी आणून ठेवले. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला ते 'मास्तरीणबाई' म्हणत.

एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. पतंगाच्या कामट्यांचा एक त्रिकोण, त्याला पोळ्या गुंडाळायची चांदी चिकटवलेली आणि वर केसासारखी बारीक तार. त्यांनी बटण दाबलं. सापासारखा फूत्कार झाला आणि तो त्रिकोण टेबलावरून वीतभर वर उठला. खाली बांधलेले दोरे ताणून हवेत थरथरत राहिला. मी टाळ्या वाजवल्या. तीच माझी चूक झाली.

"बघा, विजेने वजन कापलं की नाही?" काका म्हणाले. "मोबाइलवर एकेक माणूस बोलतो यावर. मोठ्या लोकांनी दाबून ठेवलंय सगळं."

"काका, तारेजवळची हवा विजेने खाली ढकलली जाते. म्हणून तो वर जातो. पंख्यासारखं आहे ते."

"पंखा कुठाय? दाखवा पंखा!" आणि ते मनापासून हसले.

हे सगळं कशासाठी चाललंय हे मला फार उशिरा कळलं. काकूंची डावी बाजू लुळी पडली होती. आमचा जिना इतका अरुंद आणि उभा की तिसऱ्या मजल्यावरून त्या दोन वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या. रोज पहाटे गंगेवर जाणारी बाई ती. खिडकीतून नदी दिसायची, तर त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या. समोरच्या मल्लाहाच्या, म्हणजे नावाड्याच्या, मुलांनी एकदा विचारलं होतं, "चाचा, हम लोग उतार दें?" काकांनी दारातूनच परत पाठवलं. "आम्ही कुणावर ओझं टाकत नाही," असं मला नंतर सांगितलं.

माघातली सकाळ होती. जिन्यात मला त्रिकोण उठला होता तेव्हाचाच वास आला, वीज कडाडल्यावर येतो तसा. मी धावत वर गेले. काकू वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. खुर्चीच्या पायांना, बैठकीच्या खाली, पाठीला, सगळीकडे चांदी चिकटवलेली. वरून तारा ताणलेल्या. काका रबरी चपला घालून बटणापाशी उभे होते.

"काका, हात काढा तिथून."

"मध्ये पडू नका, मास्तरीणबाई. आठ दिवस लागलेत हे बांधायला. हिचं निम्मं वजन गेलं तरी मी एकटा उतरवतो हिला."

"अहो, जीव जाईल त्यांचा!"

"जाऊ दे गं," काकू म्हणाल्या. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळलेला होता. "एकदा करू दे ह्यांना."

काकांचं बोट बटणावर होतं. मी पुढे झाले असते तर त्यांनी ते दाबलं असतं, एवढं मला दिसत होतं. मग जे तोंडाला आलं ते बोलून गेले.

"आधी तराजूवर दाखवा. वजन खरंच जात असेल तर डब्यात बंद करूनही जाईल. हवा डब्यातच फिरेल, तिची लबाडी चालणार नाही. तराजू जरा जरी हलला, तर हे बटण मी स्वतः दाबीन."

काकांनी बोट उचललं आणि खुर्चीच्या तारा सोडून त्रिकोणाला जोडल्या. मी वाण्याचा तराजू आणला, छताच्या कडीला टांगला. एका पारड्यात काकांनी ताटली ठेवली, तिच्यावर त्रिकोण आणि त्यावर मिठाईचा पारदर्शक डबा पालथा घातला. दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून काटा बरोबर मध्ये आणला. मी पैज लावली होती दुसऱ्याच्या जिवावर.

बटण दाबलं. डब्यात त्रिकोण उठला आणि पारडंही हललं. वर.

"उठलं!" काका ओरडले. "उठलं की नाही? बोला!"

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

काका मात्र वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी बटण बंद केलं.

"डबा नीट बसलेला नाही," ते हळूच म्हणाले. "या कोपऱ्यात फट आहे. वारा सुटतोय तिथून."

मला ती फट दिसली नव्हती. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर मला ती कधी दिसलीही नसती.

त्यांनी स्वतः फट चिकटपट्टीने बंद केली, काटा पुन्हा मध्ये आणला आणि बटण दाबलं. त्रिकोण डब्यात तसाच उठला, तसाच थरथरला. काटा जागचा हलला नाही. काकांनी तीनदा करून बघितलं. मग प्लग काढला, जमिनीवर बसले आणि खुर्चीच्या पायांची चांदी नखाने खरवडायला लागले. मी मदतीला वाकले तर मानेनेच नको म्हणाले.

शेवटची पट्टी निघाली तेव्हा खाली बघतच त्यांनी विचारलं, "ती मल्लाहाची पोरं घरी असतील का आत्ता?"

चौघं आली. वळणावर खुर्ची अडकली तेव्हा काका "संभालके, भैया, संभालके" एवढंच म्हणत मागून उतरत होते. थोरला त्यांना म्हणाला, "चाचा, पहले बोले काहे नहीं?" घाटावर पोरांनी खुर्ची अगदी पाण्याशी नेली. काकूंनी पाय पाण्यात सोडला आणि म्हणाल्या, "अहो, केवढं गार आहे!" काका तोंड फिरवून पलीकडच्या वाळूकडे बघत राहिले.

पुढचे चार महिने दर सोमवारी ते दोघं घाटावर असायचे. जेठ महिन्यात काका गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

काकूंना ती पोरं अजून आणतात. आता त्यांना खुर्ची नको असते, पायरीवरच बसतात. बसल्या की आधी उजव्या हाताने पदराचं टोक धरून शेजारची जागा पुसून घेतात. मग तिथे त्या कुणाला बसू देत नाहीत.